खेळाडूची निष्ठा कोणाशीं?

खेळाडूनें जन्मभूमीच्याच संघांतून खेळावें, असा आग्रह वारंवार ऐकूं येतो. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० च्या हंगामांत त्यांनीं महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या; पुढें बडोद्याचेच होऊन १९४७ सालीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत होळकर संघाविरुद्ध २८८ काढल्या. समोरचे सी. के. नायडू तरी कोठें इंदूरचे? तेही जन्मानें नागपूरचेच! ही कृतघ्नता, असें आम्हांस वाटत नाहीं. संस्थानें खेळाडूंस आश्रय देत. ज्या प्रांताला आपल्या गुणी पुत्राच्या चरितार्थाची सोय करवत नाहीं, त्यानें निष्ठेचा दावा कशाच्या बळावर करावा? मात्र ज्या संघांत उभें राहावें त्यासाठीं जीव ओतून खेळावें, एवढें ऋण खेळाडूवर खचित आहे. आणि तें हजाऱ्यांनीं व्याजासह फेडलें.