उत्तराविना राहिलेली हाक : कोलटकरांची गीतरचना

अरुण कोलटकरांच्या (मृत्यू २००४) काव्याची मराठीतील चर्चा प्रामुख्याने 'जेजुरी' (१९७६), 'अरुण कोलटकरच्या कविता' (१९७७) आणि 'भिजकी वही' (२००३) या संग्रहांभोवती फिरते. अखेरच्या आजारपणात त्यांनी ज्याची आखणी केली आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांच्या संपादनाखाली 'प्रास'ने २००९ मध्ये जो प्रकाशित केला, तो 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' हा संग्रह या चर्चेच्या कडेलाच राहिला. तो इंग्रजीत आहे, हे या उपेक्षेचे अर्धेच कारण होय. उरलेले अर्धे कारण त्यातील गीतरचनांत शोधावे लागते.

१९७३ मध्ये कोलटकरांनी आपली काही इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रित केली; त्यांची ध्वनिमुद्रिका मात्र त्या काळी बाजारात आली नाही. 'पुअर मॅन', 'नोबडी', 'रेडिओ मेसेज फ्रॉम अ क्वेक हिट टाउन' ही शीर्षकेच निवेदकाचे स्थान सांगतात. येथे बोलतो तो नगण्य, निर्धन अथवा उद्ध्वस्त. आणि ऐकणारा कोण, हे अनिश्चित.

याच संदर्भात ॲम्स्टरडॅममधील 'आउटसायडर्स' या रॉक वाद्यवृंदाच्या १९६८ च्या 'सीक्यू' या अखेरच्या ध्वनिमुद्रिकेचे स्मरण उद्बोधक ठरते. 'सीक्यू' ही बिनतारी संदेशवहनातील, जो कोणी ऐकत असेल त्याला उद्देशून दिलेली हाक. त्या काळी तिला श्रोता लाभला नाही, १९६९ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला आणि तिचे मोल पुढे पुनःप्रकाशनांतून उमगले. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना या विलंबाचे स्पष्टीकरण देऊ शकते.

कोलटकरांच्या बाबतीत मात्र हे स्पष्टीकरण अपुरे पडते. 'सीक्यू'च्या उत्तरकालीन श्रोत्याला निदान नाद उपलब्ध होता. 'बोटराइड'च्या वाचकाच्या हाती केवळ शब्द येतात. छापील पानावर गीतातील पुनरावृत्ती शैथिल्यासारखी भासते. गायनात तीच ध्रुवपदाचे कार्य करते. हे तत्त्व मराठी समीक्षेला अपरिचित नाही. अभंगाचा विचार ती नादासह करते. गिटारवरील गाण्याला मात्र कवीचा छंद समजून बाजूला सारते. अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकणाऱ्या कवीने ही विभागणी मानलेली दिसत नाही. याच संग्रहात संतकवितेचे अनुवाद आणि ही गीते एकत्र नांदतात. हे सान्निध्य योगायोगाचे नसून काव्यविषयक भूमिकेचे निदर्शक आहे, असे म्हणता येते. 'मैं मॅनेजरको बोला' या मुंबईच्या बोलीतील कवितेकडेही त्यामुळे केवळ भाषिक प्रयोग म्हणून पाहता येणार नाही. तीही मुळात ऐकण्याची संहिता ठरते.

ही सर्व गीते 'जेजुरी'च्या तोडीची आहेत, असा दावा करण्याचे कारण नाही. काही ठिकाणी ब्लूजचा संकेत कवीच्या स्वतःच्या स्वरावर मात करतो. परंतु गौण ठरविण्यासाठीही प्रथम वाचन आवश्यक असते. केवळ मुद्रित पानाला संहिता मानणाऱ्या समीक्षेने ते अद्याप पुरेसे केलेले नाही. आणि तोवर कोलटकरांविषयीचा तिचा निर्णय अपुऱ्या पुराव्यावरच आधारलेला राहील.