'वासनाकांड' हा शब्द आणि आपली कथा

जुलै 1994 मध्ये जळगावची प्रकरणे उघडकीस आली आणि त्यांना एक नाव पडले : 'वासनाकांड'. आज तीस वर्षे उलटली तरी खानदेशात तोच शब्द चालतो. जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला येणाऱ्या एसटीत कुणाजवळही तो उच्चारा, पुढचे काही सांगावे लागत नाही. या शब्दाबद्दल आणि त्याच्या सावलीत लिहिल्या जाणाऱ्या आपल्या कथेबद्दल मला काही म्हणायचे आहे.

आधी घडले काय ते पाहू. शाळा-कॉलेजातल्या मुलींना ओळखीच्या वाटेने जाळ्यात ओढायचे, अत्याचार करायचा, त्याची छायाचित्रे काढायची आणि ती घरी दाखवण्याची धमकी देऊन पुन्हा पुन्हा बोलवायचे, अशी ही रीत होती. राजकारणात वजन असलेल्यांवर आरोप झाले. मीरा बोरवणकरांसारख्या अधिकारी महिलेने तपासात लक्ष घातले. बळी पडलेल्यांची संख्या शेकड्यांत सांगितली जात होती, तक्रार द्यायला मात्र मोजक्याच पुढे आल्या. जे खटले उभे राहिले त्यांतले बरेच निर्दोष सुटकेत संपले.

आता सांगा, यात वासना किती आणि व्यवहार किती? हा धाकदपटशाचा धंदा होता. 'वासना' म्हटले की गुन्हा शरीराच्या ओढीचा होतो, जणू कुणाचा तोल गेला. 'कांड' म्हटले की तो चघळायचा विषय होतो. मुलीवर बळजोरी झाली हे या शब्दात कुठेच नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या छायाचित्रांत ताकद कुठून आली? कागदाचा एक तुकडा मुलीला वर्षानुवर्षे बांधून ठेवतो, कारण तिला पक्के ठाऊक असते की तो पाहिल्यावर घर विचारणार, "तू तिथे गेलीसच कशाला?" 'अब्रू गेली', 'इज्जत लुटली' हे आपले शब्दप्रयोग. गुन्हा त्याचा, आणि गेले काय, तर तिचे! ही भाषा घराघरांत होती म्हणूनच धमकी चालली. गुन्हेगाराने कॅमेरा आणला होता, बाकीचे भांडवल आपण पुरवले. त्या वर्षी धुळ्यात आमच्या खालांनी आलेला एक पैगाम नाव-गाव ऐकताच परतवला : "जलगाँव की लडकी? नको, बाबा." त्या मुलीचा प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. तेव्हा मीही गप्प बसलो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

साहित्यात याचे उत्तर शोधायला निघालो की मला दोन उर्दू कथा आठवतात. दोन्ही फाळणीच्या. मंटोच्या 'खोल दो'बद्दल आपले समीक्षक शेवटी घामाघूम झालेल्या डॉक्टरविषयी लिहितात, कारण धक्का त्याला बसतो आणि त्याच्याबरोबर वाचकाला. मला मात्र म्हातारा सिराजुद्दीन महत्त्वाचा वाटतो. मुलीच्या शरीरात हालचाल दिसताच तो आनंदाने ओरडतो. त्याला काही कळले नाही म्हणून तो आनंदला, असे आजवर शिकवले गेले. पण जरा उलटून वाचा. त्या खोलीत अब्रूचा हिशेब न करणारा तो एकटाच आहे. मुलगी जिवंत आहे, एवढे त्याला पुरते. जळगावच्या किती मुलींना असा बाप मिळाला असेल?

राजिंदरसिंह बेदींची 'लाजवंती' याहूनही अवघड प्रश्न विचारते. सुंदरलाल पळवून नेलेल्या स्त्रियांना घरात घ्या म्हणून प्रभातफेऱ्या काढतो. स्वतःची बायको परत येते तेव्हा तो तिला घेतो, हात उगारत नाही, 'देवी' म्हणू लागतो. फक्त तिला बोलू देत नाही. तिला सगळे सांगायचे असते; तो म्हणतो, जाऊ दे ते. तिला घर मिळते, पण पूर्वीची लाजो होता येत नाही. पीडितेला आधार देणे म्हणजे काय, यावर शंभर भाषणांपेक्षा ही एक कथा जास्त सांगते. दयाळू माणूससुद्धा आपल्याला ऐकवत नाही म्हणून तिचे तोंड बंद करतो.

आता आपल्या मुस्लिम मराठी कथेकडे येतो. माझी तक्रार अशी की, माझ्या वाचनातल्या या कथांत बलात्कार येतो तो बहुधा दंगलीत. करणारा परका, बाहेरचा. दंगलीतले अत्याचार खोटे नाहीत. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगतात की नोंदलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. बिल्किस बानोच्या प्रकरणातसुद्धा दोषी ठरलेल्यांत तिने ओळखलेली गावातलीच माणसे होती. मग आपल्या कथेतला मामूजाद भाई, शिकवणीचे सर, कारखान्याचा मुकादम कुठे गेले? जमातीची बदनामी होईल म्हणून लेखक त्यांना वगळतो, असा मला संशय आहे. म्हणजे पुन्हा अब्रूच, फक्त या वेळी जमातीची. मोहल्ल्यात तर 'चार गवाह आण' असे मुलीलाच सुनावणारे भेटतात. सूरह नूरमधली ती अट पाकदामन स्त्रीवर तोहमत घेणाऱ्याला घातलेली आहे आणि ती पुरी करता आली नाही तर शिक्षाही त्यालाच आहे, हे त्यांना कोण सांगणार?

गंमत म्हणा की लाज, पण या बाबतीत कायद्याची भाषा साहित्यापेक्षा पुढे गेली आहे. 1978 मध्ये मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत म्हणून पोलिसांना सोडले होते. विदर्भातल्या त्या आदिवासी मुलीमुळे 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेचे चारित्र्य उकरण्याची मुभा देणारे साक्षीपुराव्याच्या कायद्यातले कलम 2003 मध्ये गेले. 'दोन बोटांची' तपासणी अमानुष आहे हे सेवाग्रामच्या डॉक्टरांनी 2010 च्या सुमारास दाखवून दिले, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चूक ठरवली. आज कोणत्याही ठाण्यात, हद्द न पाहता, तक्रार घ्यावी लागते. सरकारी असो की खाजगी, रुग्णालयाला उपचार लगेच आणि मोफत द्यावे लागतात, पोलीस आलेले नसले तरी. तिचे नाव छापणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. यातले प्रत्यक्षात किती मिळते हा प्रश्न उरतोच. पण आपल्या कथेतली मुलगी अजून विहीरच शोधते. ती दवाखान्यात जात नाही, ठाण्यात जात नाही, तिच्यासोबत कुणी फुप्पी, कुणी मैत्रीण जात नाही. लेखकाला तिच्यासाठी मरण तेवढे सुचते.

1994 साली बारावीत असलेली जळगावची मुलगी आता पन्नाशीला टेकली असेल. ती भुसावळला असेल, मालेगावला असेल, कदाचित आपल्याच नात्यात असेल. तिची कथा मला अजून कुठे वाचायला मिळालेली नाही. तिच्या घरात आता कॉलेजला जाणारी लेक असेल आणि लेकीच्या हातात मोबाईल. फोटो काढायला आता रोल लागत नाही, धुवायला स्टुडिओ लागत नाही. उद्या ती लेक कुणाची धमकी घेऊन आईसमोर उभी राहिली, तर ही आई तिला पहिले वाक्य काय बोलेल? कथा तिथून सुरू करता येईल.