भौतिकोपचार संशोधनातील वेदनेची भाषा : जालना जिल्ह्यातील श्रमजीवी शरीराच्या संदर्भात एक चिकित्सा

फिजिओथेरपी अर्थात भौतिकोपचार ही विद्याशाखा महाराष्ट्राला नवीन नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ पसरलेली असताना के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे पहिले विद्यालय सुरू झाले आणि तेथून ही शाखा देशभर पसरली. आज महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांत तिचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. अस्थी, सांधे व स्नायू यांच्या वेदना आणि त्यामुळे हालचालींवर येणाऱ्या मर्यादा हा तेथील संशोधनाचा सर्वांत मोठा विषय आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, मराठी भाषेचा अभ्यासक आहे. तरीही या संशोधनाकडे वळण्याचे कारण असे की, वेदना मोजण्याची त्याची साधने मुख्यतः भाषिक आहेत. क्ष-किरण चित्रात सांध्याची झीज दिसते, दुखणे दिसत नाही. ते विचारूनच घ्यावे लागते. कोणत्या शब्दांत विचारले जाते आणि आलेल्या उत्तरातील काय टिपले जाते, हा प्रश्न मग भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

कंबरदुखीच्या संशोधनात सर्वाधिक वापरली जाणारी ओस्वेस्ट्री प्रश्नावली इंग्लंडमध्ये १९८० साली प्रसिद्ध झाली. वेदनेची तीव्रता, स्वतःची निगा, वजन उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, लैंगिक जीवन, सामाजिक जीवन आणि प्रवास असे तिचे दहा विभाग आहेत. प्रत्येक विभागाला शून्य ते पाच गुण मिळतात आणि बेरजेवरून अक्षमतेची टक्केवारी काढली जाते. या प्रश्नावलीच्या मराठी आवृत्तीची विश्वसनीयता तपासणारा अभ्यास २०१३ साली 'स्पाइन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे काम मोलाचे आहे, कारण त्यापूर्वी परीक्षकाने ऐन वेळी तोंडी भाषांतर करायचे आणि रुग्णाने अंदाजाने मान डोलवायची, असाच प्रकार संभवत होता. प्रमाणित भाषांतरामुळे निदान प्रश्न तरी सर्वांना सारखा विचारला जातो.

परंतु भाषांतर शब्दांचे होते, शरीराच्या सवयींचे होत नाही. मूळ प्रश्नावलीत बसणे म्हणजे खुर्चीत बसणे. उचलणे म्हणजे जमिनीवरून किंवा टेबलावरून वजन उचलणे. परतूर किंवा मंठा तालुक्यातील शेतमजूर स्त्रीचा दिवस या दोहोंबाहेर जातो. ती चुलीपुढे उकिडवी बसते, ओट्यावर मांडी घालते, कंबरेत वाकून झाडते, निंदताना दोन पायांवर बसल्या बसल्या पुढे सरकते. कापूस वेचताना कंबरेला बांधलेली ओटी जसजशी भरते तसतसे वजन पुढे ओढत जाते आणि पाठ मात्र सरळ होत नाही. संध्याकाळी गाठोडे डोक्यावर येते. डोक्यावरून वाहणे हा व्यवहार दहांपैकी एकाही विभागात नाही. 'वजन उचलता येते का?' या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे 'येते' म्हणेल, कारण डोक्यावर गाठोडे चढवून द्यायला दुसरी बाई असते. खरा त्रास मानेचा आणि ओझे उतरवतानाचा. तो कोणी विचारलेलाच नाही. लैंगिक जीवनाचा विभाग अनेक समाजांत कोरा राहतो, याची दखल संशोधकांनी पूर्वीच घेतली आहे; अनुत्तरित विभाग वगळून टक्केवारी काढण्याची सोयही आहे. मात्र जो विभाग मुळातच लिहिला गेला नाही त्यासाठी अशी कोणतीच सोय संभवत नाही.

याहून गंभीर अडचण 'काम' या शब्दाची आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली शरीराचे नऊ भाग दाखवून विचारते की, गेल्या बारा महिन्यांत येथे त्रास झाला काय, त्यामुळे नेहमीचे काम थांबले काय आणि गेल्या सात दिवसांत त्रास झाला काय. यांतील दुसरा प्रश्न पगारी रजा असणाऱ्या कामगाराला साजेसा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची नोंद 'एक कोयता' अशी होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि कामावर न गेल्यास खाडा पडतो. (उचल म्हणजे आगाऊ रक्कम आणि उचल म्हणजे ओझे उचलणे, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदावेत हे मराठीचेच वैशिष्ट्य.) अशा ठिकाणी 'काम थांबले काय?' याचे उत्तर 'नाही' असेच येणार. ते उत्तर वेदना सौम्य असल्याचे सांगत नाही, काम थांबवणे परवडत नसल्याचे सांगते. संशोधक मात्र त्याची नोंद 'कार्यक्षमतेवर परिणाम नाही' या रकान्यात करतो. वॅडेल व सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलेल्या भय-परिहार प्रश्नावलीबाबतही हेच म्हणता येईल. दुखेल या भीतीने माणूस हालचाल टाळतो आणि टाळल्याने दुखणे चिवट होते, ही तिच्यामागील धारणा महत्त्वाची आहे. पण टाळण्याची मुभा असणाऱ्यालाच ती पूर्णपणे लागू पडते. आपल्याकडील नेहमीचा अनुभव नेमका उलटा आहे. त्याला मराठीत नेमका वाक्प्रचार आहे : दुखणे अंगावर काढणे. या वाक्प्रचाराला पुरा पडेल असा प्रश्न वर उल्लेखिलेल्या एकाही साधनात नाही.

आता वेदनेच्या शब्दांकडे वळू. वेदनेचे शब्द ही निदानाची सामग्री आहे, हे वैद्यकाने स्वतःच मान्य केलेले आहे. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत ७८ इंग्रजी शब्द वीस गटांत मांडलेले आहेत. कोणता रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून वेदनेचे स्वरूप ठरवण्याचा तो प्रयत्न होता. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांत मात्र बहुधा दहा सेंटिमीटरची रेघ किंवा शून्य ते दहा हा आकडा वापरला जातो. तीसच्या आसपास रुग्णांचे दोन गट, काही आठवड्यांचा व्यायाम, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, असा हा साचा ओळखीचा झाला आहे. आकडा तुलनेला सोयीचा आहे, यात शंका नाही. मात्र त्यात 'किती' एवढेच उरते, 'कसे' निघून जाते.

मराठीत हे 'कसे' किती बारकाईने सांगितले जाते ते पाहण्यासारखे आहे. उसण भरते ती एका क्षणी, वाकताना किंवा वळताना. चमक निघते ती हालचालीबरोबर आणि हालचाल थांबताच बहुधा ओसरते. कळ एका जागी राहत नाही, ती जाते. कंबरेतून निघून पोटरीपर्यंत पोहोचणारी कळ सांगणारा रुग्ण मज्जातंतूवरील दाबाचे लक्षणच सांगत असतो. ठणका स्थिर असतो आणि रात्री वाढतो. रग लागते ती एकाच स्थितीत ताटकळल्याने, तर अवघडणे हे हालचाल न केल्याचे फळ आहे. मुंग्या आणि बधिरपणा हे वेगळेच प्रकरण. पेटके किंवा गोळे येतात ते पोटऱ्यांना. 'कंबर धरली', 'कंबर भरून आली' आणि 'कंबर मोडली' ही तीन वाक्ये तीन वेगळ्या अवस्था सांगतात. पहिलीत जखडलेपण आहे, दुसरीत दिवसभर साचत गेलेला शीण आहे, तिसरीत बळच सरलेले आहे. या तिन्ही वाक्यांत कर्ता कंबर आहे, माणूस नव्हे. या सर्वांच्या जागी 'वेदना' हा एकच संस्कृत शब्द ठेवला की प्रश्नावली शुद्ध दिसते, पण तपासणाऱ्याच्या हातची माहिती जाते. बोलीतील भेदही येथे दुर्लक्षून चालत नाही. मंठा-परतूरकडे 'दुखायलंय' म्हणतील, भोकरदन-जाफ्राबादकडे 'दुखू राहिलं'. दोन्ही रूपे चालू असलेल्या, न थांबलेल्या क्रियेची आहेत. 'या क्षणी किती दुखते?' या प्रश्नाला त्यांतून उत्तर काढायचे तर विचारणाऱ्याला ती बोली कळावी लागते.

आकड्याबाबतही लोकांची स्वतःची रीत आहे. औषधाने वा मालिशने बरे वाटले की जुनी माणसे 'आठ आणे फरक पडला' किंवा 'बारा आणे गुण आला' असे सांगतात. पिकाची आणेवारी ठरवण्याची सवय असलेल्या मुलखात सोळा आण्यांचे माप शरीरालाही लावले गेले, यात नवल नाही. लक्षात घेण्याजोगे म्हणजे हे माप वेदनेचे नाही, फरकाचे आहे. पूर्वीपेक्षा किती बदल झाला असे थेट विचारण्याची पद्धत आधुनिक संशोधनातही मान्यताप्राप्त आहे. म्हणजे वयस्क ग्रामीण रुग्णाला अपरिचित रेघेवर खूण करायला लावण्याऐवजी 'किती आणे फरक?' असे विचारणे अशास्त्रीय ठरणार नाही. ते प्रमाणित करून घेण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतील. तरुण पिढीला आणे ठाऊक नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. परंतु गुडघेदुखीचा रुग्ण बहुधा तरुण नसतो.

हे घडू शकते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघरी सर्वेक्षण सुरू केले. गावातीलच स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन ४०९२ प्रौढांची विचारपूस करण्यात आली. त्यांपैकी ७४६ जणांनी, म्हणजे १८.२ टक्के लोकांनी, सांधे-स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या. गुडघा आणि कंबर ही दुखण्याची प्रमुख ठिकाणे निघाली. पुण्याच्या याच केंद्राने गुडघ्याच्या संधिवातासाठीच्या परदेशी प्रश्नावलीत भारतीय बैठकीच्या सवयींना, उकिडवे बसण्याला व मांडी घालण्याला, जागा दिली. येथे साधन माणसाजवळ आणले गेले, माणसाला साधनाजवळ ओढत नेले गेले नाही. भिगवणच्या कामाचे महत्त्व टक्केवारीपेक्षा प्रश्न विचारणारा गावचा होता यात अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठवाड्यातही सामग्रीची उणीव नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातील गृहविज्ञान शाखेने शेतकरी स्त्रियांच्या कामातील कष्ट मोजण्याचे व ते कमी करणारी अवजारे सुचवण्याचे काम केले आहे. त्या कामाची आणि फिजिओथेरपीच्या प्रबंधांची गाठ पडायला हवी. एकीकडे कामाची स्थिती ठाऊक आहे, दुसरीकडे सांध्याचे शास्त्र.

'वाकू नका, ओझे उचलू नका' हा सल्ला अशी गाठ न पडल्याचे लक्षण आहे. अमेरिकेतील निओश संस्थेच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात अनुकूल परिस्थितीतही दोन हातांनी उचलण्याची मर्यादा २३ किलो मानलेली आहे. जालन्याच्या मोंढ्यात हमालाच्या पाठीवर येणारे पोते याच्या दुपटीहून अधिक असू शकते. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला मजुरीचे व कल्याणाचे संरक्षण दिले, पण पोत्याचे वजन हा वेगळा लढा राहिला. सल्ला न पाळणाऱ्या अशा रुग्णाला संशोधनात 'असहकार्य करणारा' म्हटले जाते. कोणाचे असहकार्य, हे तपासून पाहावे लागेल.

जालना ही बियाण्यांची राजधानी म्हणवली जाते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली आणि पुढे संकरित बीजोत्पादन हा भोवतालच्या गावांचा रोजगार झाला. या कामात स्त्रिया कळीतील पुंकेसर नखाने व चिमट्याने काढतात आणि दुसऱ्या दिवशी परागकण लावतात. शेतात याला सर्रास क्रॉसिंग म्हणतात. मान खाली, दोन्ही हात हवेत तोललेले, अंगठा व तर्जनी सतत चालू, आणि एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे अर्धवट वाकूनच सरकायचे. मान, खांदा, अंगठ्याचे मूळ आणि कंबर असे चारही ठिकाणचे दुखणे येथे एकाच कामातून येते. फिजिओथेरपीच्या एखाद्या विद्यार्थ्याने हंगामात आठ दिवस या प्लॉटवर बसून बायका आपल्या अंगठ्याच्या दुखण्याला कोणता शब्द वापरतात एवढे जरी टिपून घेतले, तरी पुढील प्रश्नावलीचा पहिला विभाग तयार होईल.