अंतःप्रज्ञेवर किती विसंबावे?

बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपयांना मिळतात. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. तर चेंडूची किंमत किती? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेकांच्या तोंडून क्षणात 'दहा रुपये' असे उत्तर येते. पण चेंडू १० रुपयांचा असेल तर बॅट ११० रुपयांची होईल आणि बेरीज १२० येईल. बरोबर उत्तर आहे ५ रुपये. येथे गणित अवघड नाही. मनाने आधीच पुढे केलेले उत्तर तपासून पाहण्याचा आळस नडतो.

डॅनिएल कानेमन (१९३४–२०२४) यांच्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच प्रश्न डॉलर-सेंटमध्ये दिला आहे. कानेमन हे मानसशास्त्रज्ञ. २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुस्तक गाजले त्याला बरीच वर्षे लोटली. तरीही शिक्षकांच्या नजरेतून ते पुन्हा तपासावे असे आम्हाला वाटते. झटपट निर्णय शिक्षकाला दिवसातून कितीतरी वेळा घ्यावे लागतात, आणि त्यांचे परिणाम मुलांच्या वाट्याला येतात.

विचार करण्याच्या दोन पद्धती लेखकाने मानल्या आहेत: एक जलद, आपोआप चालणारी, दुसरी संथ, कष्टाची. अंतःप्रज्ञा ही पहिलीची देणगी. या दोन्ही म्हणजे समजावून सांगण्यासाठी कल्पिलेली पात्रे आहेत, असे लेखक स्वतःच बजावतो. वाचक मात्र हे विसरतात आणि मेंदूत जणू दोन कप्पे आहेत असे बोलू लागतात. वर्गात हा विषय काढताना एवढी काळजी घ्यावी.

पुस्तकाचे खरे बळ लहान लहान कार्यपद्धतींत आहे. कानेमन पूर्वी एका विद्यार्थ्याची संपूर्ण उत्तरपत्रिका तपासून मग दुसरी हाती घेत. पहिल्या निबंधाला चांगले गुण दिले, की दुसऱ्यातील संदिग्ध वाक्याकडे ते उदारपणे पाहत, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी सर्वांचे पहिले उत्तर आधी तपासायचे, गुण नजरेआड लिहायचे आणि त्यानंतर दुसऱ्या उत्तराकडे वळायचे, असा क्रम लावला. परिणाम असा, की एकाच विद्यार्थ्याच्या दोन उत्तरांचे गुण बरेच वेगळे येऊ लागले आणि परीक्षकाचा आत्मविश्वास डळमळला. म्हणजे आधीची खात्री अचूकतेतून आलेली नव्हती. पहिल्या उत्तराची छाप दुसऱ्यावर पडत होती.

मग अंतःप्रज्ञा टाकाऊच का? नाही. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला होता. स्वयंपाकघरातील आग विझवत असताना एका अधिकाऱ्याला काहीतरी बिनसले आहे असे वाटले. कारण सांगता येईना, पण त्याने जवानांना बाहेर काढले. लगेच जमीन खचली. आग खरी तळघरात होती. आगीचा आवाज कमी आणि उष्णता जास्त, ही विसंगती त्याच्या अनुभवाने टिपली होती. २००९ साली क्लाइन आणि कानेमन या दोन विरुद्ध मतांच्या संशोधकांनी एकत्र लेख लिहिला. त्यांच्या मते अंतःप्रज्ञेवर भरवसा ठेवण्यासाठी दोन अटी हव्यात: त्या क्षेत्रात पुरेशी नियमितता असावी, आणि निर्णय चुकला की बरोबर, हे कळत राहून दीर्घ सराव झालेला असावा.

ही कसोटी शाळेला लावून पाहू. मुलांच्या चेहऱ्यांवरून 'हे समजलेले नाही' असे शिक्षकाला वाटते, तेव्हा एक प्रश्न विचारला की खरेखोटे लगेच कळते. येथे अंतःप्रज्ञा तयार होऊ शकते. पण 'या मुलीला विज्ञान झेपणार नाही' हे आठवीत केलेले भाकीत कधी तपासले जाते? मुलगी शाळा सोडून जाते. भाकीत चुकले तरी ते शिक्षकाला कळत नाही. शिवाय ते ऐकून तिने विज्ञान सोडले, तर भाकीत खरे ठरल्यासारखे दिसते! वीस वर्षांचा अनुभव येथे खात्री वाढवील, अचूकता वाढवीलच असे नाही.

आता पुस्तकातील उणीव. चौथ्या प्रकरणात १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: वार्धक्याशी निगडित शब्द वाचलेले विद्यार्थी नंतर हळू चालले. असे निष्कर्ष मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही, अशा ठाम सुरात कानेमन लिहितात. २०१२ साली ब्रुसेल्समधील संशोधकांनी स्वयंचलित उपकरणाने वेळ मोजून अधिक जणांवर हा प्रयोग केला. परिणाम दिसला नाही. वेळ मोजणाऱ्या प्रयोगकर्त्यांना तशी अपेक्षा होती, तेव्हाच तो दिसला. लहान नमुन्यावर भलता विश्वास ठेवू नये, असे कानेमन आणि त्यांचे सहकारी आमोस ट्व्हर्स्की यांनी १९७१ सालीच दाखवले होते! अशा तोकड्या प्रयोगांवर आपण अवाजवी विश्वास टाकला, हे कानेमन यांनी २०१७ साली जाहीरपणे मान्य केले. ज्ञान असले म्हणजे सावधपणा येतोच असे नाही, याचे याहून बोलके उदाहरण पुस्तकातही नाही.

म्हणूनच पद्धत हवी. तरुणपणी इस्रायली सैन्यात कानेमन यांनी नवसैनिकांच्या मुलाखतींची रीत बदलली: सहा गुणांबद्दल वस्तुनिष्ठ प्रश्न विचारायचे आणि प्रत्येकाचे गुणांकन स्वतंत्रपणे करायचे. 'आम्हाला यंत्रमानव बनवता' अशी मुलाखतकारांची कुरकुर झाली, म्हणून शेवटी डोळे मिटून मनाचा एक अंदाजही लिहायची मुभा दिली. गुणांची बेरीज जुन्या मुलाखतींपेक्षा सरस ठरली. आणि आश्चर्य म्हणजे तो अंदाजही बेरजेइतकाच उपयोगी निघाला. अंतःप्रज्ञेला बोलू द्यावे, पण पुरावा जमल्यानंतर.

पुस्तक अवश्य वाचावे. चौथ्या प्रकरणापाशी मात्र पेन्सिल हाती असावी. आणि उत्तरपत्रिकांचा पुढचा गठ्ठा प्रश्नवार तपासून पाहावा. वेळ थोडा अधिक लागेल. पण 'हुशार' आणि 'कच्चा' हे शिक्के किती उत्तरांवरून बसतात आणि किती पहिल्या पानावरून, हे प्रत्येक शिक्षकाला आपल्याच हातच्या गुणांत दिसेल.