अस्थिघनतेचे एकच जनुक?

अस्थिघनतेवरील आनुवंशिक प्रभावापैकी ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ग्राहकाचे एकटे जनुक उलगडते, असे प्रतिपादन सिडनी येथील संशोधकांनी १९९४ साली ‘नेचर’मध्ये केले. प्रतिपादन मोहक खरे. पण त्याचा आधार जुळ्यांच्या नमुन्यांचा, आणि त्यांतील काहींचे जनुकरूप चुकीचे नोंदले गेल्याचे १९९७ साली त्याच लेखकांना मान्य करावे लागले. फेरगणनेत प्रभाव पुष्कळच क्षीण ठरला. २००६ मधील विस्तृत युरोपीय पाहणीत तर या जनुकाच्या चार परिचित खुणांचा अस्थिघनतेशी वा अस्थिभंगाशी संबंधच आढळला नाही. एका पाचव्या खुणेपाशी मणक्यांच्या भंगाचा अल्पसा धागा तेवढा उरला. २०१२ पर्यंत ज्ञात झालेली ५६ जनुकस्थाने एकत्र धरली, तरी मांडीच्या हाडाच्या मानेतील घनताभेदांपैकी सहा टक्केही उलगडत नाहीत.