गब्बरसिंगची खतावणी

कथाशास्त्र नावाचे एक शास्त्र आहे, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एका रविवारी सकाळी, दाढी अर्धी झालेली असताना कळले. आमची कन्या कॉलेजात माध्यमांचा अभ्यास करते. (आम्ही सिनेमा बघितला की मार खायचो, हल्ली मार्क मिळतात.) तिला एक तक्ता भरून न्यायचा होता. "बाबा, तुम्हाला रकाने भरायची सवय आहे," असे म्हणून तिने तो माझ्यापुढे टाकला. बावीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची इतक्या थोड्या शब्दांत समीक्षा आजवर कोणी केली नव्हती.

तक्त्याचा मूळ धनी व्लादिमिर प्रॉप नावाचा रशियन. या गृहस्थाने शंभर रशियन परीकथा घेतल्या, त्यांतले राजे, अस्वले आणि चेटकिणी बाजूला काढून ठेवल्या, आणि घडते काय तेवढेच मोजले. भरले एकतीस. १९२८ साली त्याने त्यावर पुस्तक काढले. या एकतिसांना 'फंक्शन' म्हणतात. आमच्याकडे फंक्शन म्हणजे हार, नारळ आणि उशिरा येणारे अध्यक्ष. पण प्रॉपचे निराळे. घरातले कोणीतरी बाहेर जाते, हे पहिले फंक्शन. लग्न लागते, हे एकतिसावे. मधली काही गळाली तरी चालते, क्रम मात्र हलत नाही. पात्रांची खाती फक्त सात : खलनायक, जादूची वस्तू देणारा दाता, मदतनीस, राजकन्या आणि तिचे वडील (दोघांचे जॉइंट अकाउंट), कामगिरीवर धाडणारा, नायक आणि तोतया नायक. काम महत्त्वाचे, ते कोण करतो याला महत्त्व नाही. हे वाक्य मी हेड ऑफिसच्या परिपत्रकातही वाचल्यासारखे वाटले.

पहिला रकाना सिनेमाचा. आम्ही उत्साहाने 'शोले' घेतला. काय सांगू, मापाने शिवल्यासारखा बसला! ठाकूर धाडणारा, जय-वीरू नायक, गब्बर खलनायक, बसंती राजकन्या. तिला वडील नाहीत, तिथे मौसी चालवून घेतली. धन्नो मदतनीस. तिसाव्या फंक्शनला, म्हणजे खलनायकाच्या शिक्षेला, माझे पेन अडले. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार मारतो. सेन्सॉरला ते रुचले नाही, म्हणून १९७५ साली पडद्यावर आला तो ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला घेऊन जातात असा शेवट. प्रॉपच्या हिशेबी दोन्ही सारखेच. शिक्षा झाली, टिक मारा. पण ज्याचे दोन्ही हात छाटले त्याने शिक्षा देणे आणि शेवटच्या रिळात उगवलेल्या इन्स्पेक्टरने देणे, हे एक कसे? तीन तास आम्ही कोणासाठी बसलो होतो?

बी. कॉम.च्या पहिल्याच वर्षात हे शिकवतात. गोडबोल्यांचे पाचशे रुपये चुकून गोगट्यांच्या नावे जमा केले, तरी तेरीज जुळते. पैशापैशाला जुळते. चूक उघडी पडते ती गोडबोले स्वतः काउंटरवर येऊन उभे राहिले म्हणजे.

मालिकांचा रकाना आम्ही पटकन उरकला. प्रॉप ज्या लग्नाशी गोष्ट संपवतो ते तिथे दुसऱ्याच आठवड्यात होते आणि उरलेली तीस फंक्शने पुढे चार वर्षे पुरतात. तोदोरोव नावाचे दुसरे एक पंडित म्हणतात की गोष्ट म्हणजे बसलेली घडी, ती विस्कटणे आणि पुन्हा नव्याने बसणे. मालिकेला हे शेवटचे परवडत नाही. घडी बसली की जाहिराती बंद.

खरी परीकथा जाहिरातीतच. तीस सेकंदांत राज्य आणि राजकन्या! ऐंशीच्या दशकातल्या सर्फच्या ललिताजी घ्या. पैशापैशाचा हिशेब ठेवणारी करारी नायिका आणि स्वस्तातली पावडर हा तोतया नायक. त्याचे पितळ उघडे पडते, ते अठ्ठाविसावे. बाईंचा हिशेब चोख होता; त्यांना बँकेत घ्यायला हवे होते.

मग कन्येने स्वतः निवडलेली जाहिरात पुढे केली. गोरेपणाच्या क्रीमची. कुठल्या ते सोडा, साचा एकच. सावळ्या मुलीला नकार मिळतो : आठवे, उणीव. मैत्रीण ट्यूब देते : चौदावे. चेहरा उजळतो : एकोणतिसावे, रूपांतर. शेवटी नोकरी नाहीतर नवरा. मी भराभर लिहीत गेलो आणि खलनायकाच्या रकान्यात, त्याच ओघात, लिहिले : 'सावळा रंग'.

कन्या गप्प झाली. तिने आपला हात तक्त्याशेजारी ठेवला. ती माझ्या आईवर गेली आहे, रंगाने आणि हट्टानेही.

"बाबा, म्हणजे खलनायक मी का?"

मी खोडरबर शोधू लागलो. शाईला ते चालत नाही, हेही मला सुचले नाही.

"तिच्यात काहीतरी कमी आहे हे तिला सांगितलं कोणी?" ती म्हणाली. "जाहिरातीनंच ना? आणि औषध देतंय कोण? तीच. एका पात्राला दोन खाती चालतात, प्रॉपनंच लिहिलंय."

म्हणजे खिसा कापणाऱ्यानेच पाकीट विकायचे. २०२० साली अशाच एका जुन्या, नामांकित क्रीमने आपल्या नावातला 'फेअर' काढून टाकला. आमच्या भाषेत, खात्याचे नाव बदलले आणि शिल्लक पुढे ओढली.

मी घाईघाईने दुरुस्ती केली : खलनायक, क्रीमवाले, दाता, क्रीमवाले. तेरीज पुन्हा जुळली. पण गोडबोले काउंटरवर उभेच होते.

"दहावीच्या सुट्टीत, ताईच्या लग्नाआधी, आपल्या घरात ट्यूब कोणी आणली होती?" कन्येने विचारले. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी नाही हं." आणली मीच होती. बहिणीने सुचवले, मी बिलसुद्धा जपून ठेवले होते.

मी मान खाली घालून मदतनीसाच्या रकान्यात 'वडील' असे लिहिले.

तिने ते वाचले. "खलनायकाचा मदतनीस असा रकाना प्रॉपमध्ये नाहीये," ती म्हणाली. मग कागदाची घडी घालत, "पण राहू दे. आणि बाबा, दाढी पुरी करा, अर्धा चेहरा पांढरा दिसतोय."