बसून ऐकायचे रॉक

१५ डिसेंबर २०१९ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टूचा कार्यक्रम झाला. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला त्याच मैदानात कोल्डप्लेने तीन रात्री गाजवल्या. तेव्हापासून नवी मुंबई हे रॉक संगीताचे नवे ठाणे झाले, अशी समजूत रूढ होऊ लागली आहे. गर्दीच्या हिशेबाने ती खरीही आहे. पण एखाद्या कलेची प्रकृती पाहायची तर तिचा सर्वांत मोठा जमाव मोजून भागत नाही. तिच्यातला सर्वांत अवघड प्रकार कुठे, कसा आणि कोणासमोर सादर होतो, हे पाहावे लागते. रॉकमधला हा अवघड प्रकार म्हणजे प्रोग्रेसिव रॉक, आणि त्या कसोटीला मुंबई-नवी मुंबईचा पट्टा लावून पाहिला की चित्र पालटते. इथे वादक उत्तम आहेत, रचनाकार आहेत, जगात कुठेही मान वर करून वाजवावेत असे अल्बम आहेत. नाही ती त्यांना ऐकण्याची बैठक. ज्या समाजाला मांडी ठोकून तीन-चार तास गाणे ऐकण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्याच समाजात ही उणीव असावी, हे मला फार खटकते.

प्रोग्रेसिव रॉक म्हणजे लांबलचक गाणी आणि बोटांची कसरत, असा एक गैरसमज आहे. १९६९ मध्ये किंग क्रिमसनचा पहिला अल्बम आला. पुढच्या काही वर्षांत येस, जेनेसिस, जेथ्रो टल आणि पिंक फ्लॉइड यांनी हा प्रकार घडवला. त्यांनी लांबी घेतली ती आठवणीसाठी. आधी ऐकलेला एखादा स्वरसमूह बराच वेळाने, वेगळ्या वेषात परत यावा आणि ऐकणाऱ्याने तो ओळखावा, या ओळखण्यातच या संगीताचा आनंद आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’ अल्बममधली ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही नऊ भागांची रचना घ्या. सुरुवातीची जवळजवळ चार मिनिटे कीबोर्डचे थर आणि त्यांच्यावरून सावकाश जाणारी गिटार, एवढेच चालते. मग डेव्हिड गिलमरची गिटार अवघे चार स्वर वाजवते आणि थांबते. पुन्हा तेच चार, पुन्हा थांबणे. मग ड्रम येतात आणि सगळी रचना त्या चार स्वरांभोवती उभी राहते. आधीची चार मिनिटे गप्पा मारण्यात घालवणाऱ्याला हे चार स्वर साधेच वाटतील. कान लावून बसलेल्याला ते अंगावर शहारा आणतात. विलंबित ख्यालात गायक एका स्वरासाठी किती वेळ थांबवून ठेवतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता आपल्या पट्ट्यातला पुरावा. माझ्या मते या प्रकारातले इथले सर्वांत मोठे नाव इंडस क्रीड हे आहे, आणि तेही त्यांच्या गाजलेल्या काळातल्या गाण्यांमुळे नव्हे. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ या नावाने हा बँड उभा राहिला. परदेशी गाणी हुबेहूब वाजवून दाखवणे हीच त्या काळी बहुतेक बँडांची पात्रता समजली जाई. रॉक मशीनने स्वतःची गाणी रचण्याचा हट्ट धरला आणि १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे अल्बम काढले. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले, त्याच वर्षी ‘प्रीटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला, १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला आणि काही काळाने बँड विखुरला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा बँड काढला. या टप्प्यापर्यंतचे संगीत ताकदीचे आहे, पण ते अमेरिकी हार्ड रॉकच्या सावलीतून पूर्ण बाहेर आलेले नाही. उच्चारांपासून गिटारच्या फेकीपर्यंत ती सावली ऐकू येते. चाहत्यानेही हे मान्य करायला हवे.

२०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. ड्रमवर जय रो कवी आणि बेसवर रुशाद मिस्त्री हे तरुण. अल्बमचे मिक्सिंग टिम पामर यांनी केले. पोर्क्युपाइन ट्री या इंग्लंडच्या प्रोग्रेसिव रॉक बँडच्या २००२ च्या ‘इन अॅब्सेन्शिया’चे मिक्सिंगही त्यांचेच, आणि ‘इव्हॉल्व्ह’ ऐकताना हे नाते कळते. यात आठच गाणी आहेत. ‘फायरफ्लाइज’ किंवा ‘डिझॉल्व्ह’ ऐका: कडवे, धृपद, कडवे ही जुनी चौकट मोडून गाणे भागाभागाने पुढे सरकते. बालापोरियांचा कीबोर्ड मागची जागा भरून काढतो, त्यामुळे तिनईकरांना सतत वाजवत राहण्याची गरज पडत नाही. या अल्बममधला त्यांचा सर्वांत मोठा गुण हा संयमच आहे. ऐंशीच्या दशकात जिथे त्यांनी वीस स्वर घातले असते, तिथे इथे ते तीन-चार ठेवतात आणि त्यांना लांबू देतात. बेनेगल यांचा आवाजही खाली उतरला आहे. वरच्या पट्टीत गर्जण्याऐवजी तो शब्दाजवळ राहतो. गीतांमध्ये काही ठिकाणी अर्थ पुसट राहतो, हे खरे. तरीही पन्नाशीकडे झुकलेल्या वादकांनी आपली गाजलेली शैली बाजूला ठेवून नवी रचनापद्धती हाती घ्यावी, हे धाडस आपल्याकडे कोणत्याच लोकप्रिय संगीतात सहसा दिसत नाही.

या अल्बमचे पुढे काय झाले, तर त्याचे कौतुक झाले, पण इंडस क्रीड म्हटले की आजही बहुतेकांच्या ओठी ‘प्रीटी चाइल्ड’ आणि ‘टॉप ऑफ द रॉक’ हीच नावे येतात. याला स्मरणरंजन म्हणून सोडून देता येईल. मला त्यात जागेचा दोष अधिक दिसतो. जिथे माणसे उभी आहेत, हातात पेला आहे, मागे बिलाची घाई चालली आहे, तिथे ओळखीचे गाणे जिंकणार आणि आठव्या मिनिटाला उलगडणारे हरणार. ‘इव्हॉल्व्ह’ ज्या प्रकारच्या ऐकण्यासाठी रचला आहे, तसे ऐकण्याची जागाच त्याला मिळाली नाही.

दुसऱ्याच वर्षी, २०१३ मध्ये, मुंबईच्याच ‘कोशिश’चा ‘फिरदौस’ आला आणि त्याने हाच प्रश्न उलट बाजूने हाताळला. मंगेश गांधी, श्रीकांत श्रीनिवासन, अनीश नायर आणि हम्झा काझी यांचा हा बँड हिंदीत गातो. एका माणसाच्या शोधाची कथा सांगणारा हा अल्बम. पण त्यांनी गाण्यांचा क्रम मुद्दाम विस्कटून दिला आणि खरा क्रम श्रोत्याने शोधावा म्हणून वेष्टणात खुणा पेरल्या. फोनवर गाणी वाटेल त्या क्रमाने वाजवण्याची सवय जडलेल्या श्रोत्याला क्रमाचे महत्त्व पटवण्यासाठी याहून नेमका मार्ग मला दिसत नाही. क्रम लावायचा म्हणजे सगळी गाणी पुन्हा पुन्हा ऐकायची, कोणती भावना कोणत्या भावनेतून निघाली ते तपासायचे. श्रोता मिळत नसेल तर अल्बमनेच श्रोता घडवावा, असा हा प्रयत्न होता. माझ्या लेखी ‘इव्हॉल्व्ह’ संगीत म्हणून वरचढ आहे आणि ‘फिरदौस’ कल्पना म्हणून. तिसरे उदाहरण स्कायहार्बरचे. दिल्लीच्या केशव धर यांनी घरच्या ध्वनिमुद्रणातून सुरू केलेल्या या बँडला मुंबईच्या ‘गॉडेस गॅग्ड’मधले देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी मिळाले, इंग्लंडचा डॅन टॉमकिन्स गायक म्हणून आला आणि २०१४ चा ‘गायडिंग लाइट्स’ देशाबाहेरच्या चाहत्यांपर्यंतही पोचला. वादनाच्या तयारीत आपण कमी नाही, हे सिद्ध करायला आणखी पुरावा नको.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे सगळे उसने आहे. इंग्लंडात पन्नास वर्षांपूर्वी जे झाले त्याची ही नक्कल, आणि मराठी माणसाचा तिच्याशी संबंध काय? वाद्ये उसनी आहेत, हे खरे. पण ऑर्गन आणि व्हायोलिनही बाहेरूनच आले आणि आपल्या संगीत नाटकात त्यांनी घर केले. नक्कल आणि आत्मसात करणे यांतला फरक रचनेत शोधायचा असतो. आणि मराठी कानाचा संबंध म्हणाल, तर तालापासून सुरुवात करू. पिंक फ्लॉइडचे १९७३ चे ‘मनी’ हे गाणे सात मात्रांचे आहे, आणि पाश्चात्त्य लेखक त्याचा उल्लेख नवलाईने करतात. आपल्याकडे रूपक तालाच्या सात मात्रा तबला शिकणाऱ्या मुलाला पहिल्या-दुसऱ्या वर्षातच पाठ होतात. तीन-दोन-दोन अशी त्यांची विभागणी आणि सम खालीवर. ‘मनी’त मात्र पहिली मात्रा बेसवर ठसठशीत पडते, म्हणून चाल वेगळी वाटते. पण टाळी धरून बसलेल्याला मौज पुढे आहे. गिटारची लांब फेरी सुरू होते तेव्हा सातची चाल सुटते आणि चारची लागते. फेरी संपल्यावर बँड पुन्हा सातवर येतो. झपतालाच्या दहा आणि रूपकाच्या सात मात्रा अंगवळणी पडलेल्या श्रोत्याला हा बदल कोणी दाखवून द्यावा लागत नाही, त्याचा हात आपोआप अडखळतो. प्रोग्रेसिव रॉकमधल्या ज्या गोष्टीला जगभर कठीण म्हणतात, ती आपल्या प्राथमिक शिक्षणाचा भाग आहे.

भाषेचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. बेनेगल इंग्रजीत गातात, कोशिश हिंदीत. मराठीत या तोलाची, संपूर्ण अल्बमभर एक कल्पना पेलणारी प्रोग्रेसिव रॉकची रचना ठळकपणे पुढे आलेली नाही. मराठीत अभंगांना गिटार-ड्रमची साथ देणारे बँड लोकप्रिय झाले आहेत आणि त्यांनी तरुण श्रोता मिळवला, त्याचे मोल आहेच. पण बहुधा तिथे चाल आधीच तयार असते आणि साथ बदलते. रचना मुळापासून लांब आकारात घडवणे हे वेगळे काम. त्यासाठी लागणारा साचा आपल्याकडे नाही असे कोण म्हणेल? गोंधळात आवाहन, स्तवन, आख्यान असे टप्पे रात्रभर चालतात. कीर्तनात पूर्वरंगाचा अभंग उत्तररंगाच्या शेवटी पुन्हा भेटतो आणि तेव्हा त्याचा अर्थ वाढलेला असतो. शाइन ऑनचे चार स्वर जे करतात तेच हे आहे. मराठी रचनाकारांनी इकडे वळावे, ही माझी अपेक्षा आहे, आणि ते वळले नाहीत याचे कारण पुन्हा जागेशीच येऊन भिडते. ऐकवायला ठिकाण नसलेला अर्ध्या तासाचा तुकडा कोण रचणार?

जागेचा इतिहास मुंबईत तसाही दुःखाचा आहे. १९८६ मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला तो धोबीतलावच्या रंगभवनात. तिथे पायऱ्यांवर बसून ऐकता येई. शांतता क्षेत्राच्या निर्बंधांनी रंगभवन बंद पडले. लोअर परळच्या मिलमध्ये २००७ ला उघडलेले ब्लू फ्रॉग ध्वनीच्या बाबतीत चोख होते, तेही २०१६ मध्ये मिटले. डिसेंबर २००९ मध्ये पोर्क्युपाइन ट्री पवईला आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवात वाजवून गेले, तेव्हा याच पट्ट्यातल्या तरुणांनी हे संगीत समोर ऐकले. पण महोत्सव वर्षातून एकदा येतो. बार आणि स्टेडियम यांच्या मधला, पाचशे ते हजार माणसांचा, खुर्च्यांचा टप्पा कायम रिकामाच राहिला. नवी मुंबईकडे तो टप्पा आहे. वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह नाटके पाहते. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीची सुरुवात करणाऱ्याचे नाव त्याला आहे, आणि शब्दन्‌शब्द ऐकू यावा ही त्या वास्तूची पहिली गरज आहे.

रॉक हे शरीराने ऐकायचे संगीत, त्याला खुर्चीत कोंडू नये, असे यावर म्हटले जाते. हेवी मेटलच्या बाबतीत मला ते मान्य आहे. तिथे समोरच्या गर्दीचे उसळणे हा संगीताचाच भाग असतो. पण प्रोग्रेसिव रॉकचा उत्कर्षकाळ खुद्द इंग्लंडात नाट्यगृहांत आणि विद्यापीठांच्या सभागृहांत गेला, लोक बसून ऐकत. दुसरी अडचण आवाजाची सांगतात, आणि ती खरी आहे: नाटकासाठी बांधलेल्या सभागृहात पूर्ण ताकदीचा ड्रमसेट घुमतो, शब्द गिळतो. त्यावर उपाय म्हणजे ड्रम आवरून वाजवणे, मंचाच्या मागे जाड पडदे सोडणे, स्पीकरची पातळी सभागृहाच्या मापाने ठेवणे. बेनेगल आणि तिनईकर यांनी ‘व्हर्लिंग कलापाज’ नावाने अकूस्टिक कार्यक्रम केले आहेत. कमी आवाजात गाणे उभे करणे त्यांना नवे नाही. ध्वनिवर्धकांवरच्या रात्री दहाच्या मर्यादेचाही अडसर राहत नाही. साडेसहाला पडदा उघडला तर ‘इव्हॉल्व्ह’ची आठही गाणी क्रमाने, मध्यंतरानंतर ‘फिरदौस’ त्याच्या खऱ्या क्रमाने, आणि साडेनऊला श्रोता वाशी स्टेशनवर.

परवडण्याचा प्रश्न उरतो. स्टेडियमच्या तिकिटासाठी हजारो रुपये मोजणारा श्रोता याच उपनगरांतला आहे, आणि नाटकाचे तिकीट काढणाराही. या दोघांपैकी दुसऱ्याकडे आयोजकांनी अजून पाहिलेलेच नाही. तो नाटकाला वेळेवर येतो, मोबाइल बंद ठेवतो, तिसऱ्या अंकापर्यंत पहिल्या अंकातले वाक्य लक्षात ठेवतो. इंडस क्रीडला आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांना असाच श्रोता हवा आहे, आणि त्याच्यापर्यंत जाहिरात पोचवायची तर ती वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या पानावर द्यावी लागेल.